फियाटची भावकी

१९७०-८० च्या दशकातल्या नाशिकमध्ये माझ्या ओळखीत कोणी स्पोर्ट्‌स कार विकत घेतली नाही. ज्यांच्याकडे होती, त्यांनी ती फियाटमधून काढली होती. इंजिनाच्या हेडचा तळ घासून घेतलेला, सायलेन्सर मोकळा केलेला, मागची सीट उचलून घरी पलंगाखाली ढकललेली. रविवारी सकाळी गंगापूर धरणाच्या रस्त्याला अशा दोन-तीन गाड्या गुरगुरत निघायच्या आणि फिरायला बाहेर पडलेली मंडळी कपाळाला आठ्या घालायची. बाहेरून पाहाल तर डॉक्टरांची किंवा वकिलांची साधीसुधी पांढरी फियाट. आत काय केलंय ते मालकाला, त्याच्या मेस्त्रीला आणि सातपूरच्या एखाद्या मशीनवाल्याला ठाऊक.

मी त्यातलाच एक. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये जन्म गेला, आता निवृत्त आहे, आणि माझी १९६८ ची फियाट ११०० डिलाइट अजून दारात उभी आहे, चालत्या अवस्थेत. येणारा-जाणारा विचारतो, काका, केवढी ही हौस! त्यांना हौसेचीच गोष्ट ऐकायची असते, म्हणून मी हसून सोडून देतो. पण खरं सांगायचं तर आधी नाइलाज आला. हौस त्याच्या मागून, पुष्कळ उशिरा आली. नाशिकमध्ये घरच्या घरी मोटार दुरुस्त करण्याची जी रीत पडली, तिचा इतिहास या नाइलाजापासूनच सुरू होतो.

त्याआधी या गाडीची भावकी सांगतो, कारण ती ऐकण्यासारखी आहे. ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी. फियाटनं १९३७ मध्ये ५०८ सी या गाडीसाठी हे माप धरलं. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत पैसा नव्हता, माल नव्हता, पण शर्यतीची खुमखुमी शाबूत होती. मग तिथल्या मंडळींनी हेच स्वस्तातलं, सगळीकडे मिळणारं इंजिन उचललं. तोरिनोच्या चिसितालिया कंपनीनं त्यावर २०२ नावाची गाडी बांधली, पिनिनफारिनानं तिला अंग चढवलं, आणि १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टनं आठ मोटारींचं प्रदर्शन भरवलं त्यात ती मांडली गेली. फ्रान्समध्ये सिम्का कंपनी फियाटच्या परवान्यावर गाड्या करत होती. त्यांच्या इंजिनांवर हात चालवून गॉर्दिनी हा तंत्रज्ञ शर्यतीला उतरला. १९५० चं दशक संपता संपता मोदेनाच्या स्टांग्वेलिनीनं फॉर्म्युला ज्युनिअरच्या गाड्यांत फियाट ११०० चंच इंजिन बसवलं. म्हणजे दादरच्या पुलाखाली भाड्याची वाट बघत उभ्या असलेल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या बोनेटखाली जे होतं, त्याचं आणि संग्रहालयातल्या त्या लाल सुंदरीचं कूळ एकच. इटलीनं पुढे १९६२ मध्ये ११०० डी काढताना बोअर ७२ मिलिमीटर करून इंजिन १२२१ सीसीचं केलं. आपल्याकडे डिलाइट काय किंवा पद्मिनी काय, १०८९ वरून हलली नाही.

हे इंजिन आपल्याकडे आणणाऱ्या घराण्याचं नाशिक जिल्ह्याशीही नातं आहे. वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. मालेगाव तालुक्यात रावळगावला त्यांनी माळरानावर शेती उभी केली आणि १९३३ मध्ये साखर कारखाना काढला; रावळगावच्या गोळ्या-चॉकलेटांवर आमच्या जिल्ह्यातल्या दोन पिढ्यांचे दात किडले. १९४० मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली आणि १९४४ मध्ये मुंबईत प्रीमिअर ऑटोमोबाइल्स. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ, डीसोटो या अमेरिकन गाड्या जोडल्या जायच्या. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फियाटशी जमलं. वालचंद १९५३ मध्ये गेले, आणि पुढच्याच वर्षी मिलेचेंतो, म्हणजे ११००, कुर्ल्यातून बाहेर पडू लागली. गोल पाठीची, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. लोकांनी तिला डुक्कर फियाट म्हटलं आणि ते नाव तिला कायमचं चिकटलं. १९६४ ला डिलाइट आली, १९७२ मध्ये तीच प्रीमिअर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. नावं बदलली, पाने तेच लागायचे. घरी दुरुस्ती करणाऱ्याला याहून मोठी सोय कुठली?

आता नाइलाजाकडे येतो. गाडी विकत घेणं ही त्या काळी खरेदी नव्हती, प्रतीक्षा होती. अनामत भरायची आणि नंबर लागण्याची वाट बघायची. सरकारचा १९५९ चा वाटप आणि विक्री नियंत्रण आदेश होता. कोणाला गाडी द्यायची, घेणाऱ्यानं ती कधी विकायची, सगळ्याला नियम. १९७० च्या दशकात सबंध देशात, सगळ्या कंपन्यांच्या मिळून, वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास मोटारी बनायच्या. मुलाच्या मुंजीत नोंदवलेली गाडी त्याच्या मिसरूड फुटण्याच्या वयात येते, असा विनोद आमच्याकडे चालायचा. परिणाम उघड होता. नवी गाडी मिळत नाही म्हटल्यावर जुनी मरू द्यायची नाही. वापरलेल्या फियाटला नवीच्या जवळपास भाव यायचा, कधी जास्तही. माझी डिलाइट मी आणीबाणीनंतर एका डॉक्टरांकडून घेतली. कर्ज काढून घेतली, त्यामुळे मेस्त्रीला द्यायला पैसे उरले नाहीत. घरी दुरुस्तीचं पहिलं कारण इतकं साधं होतं.

सुट्या भागांचं काय करायचं? नाशिकला नेहमीचं सामान मिळायचं. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, फॅन बेल्ट. जरा वेगळं काही हवं असलं की मुंबई. १९७५ मध्ये पंचवटी एक्स्प्रेस सुरू झाली आणि नाशिकच्या फियाटवाल्यांचे दिवस पालटले, असं मी म्हटलं तर रेल्वेवाल्यांना हसू येईल, पण ते खरं आहे. सकाळी नाशिक रोडला बसायचं, दिवसभर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नाहीतर चोर बाजारात भाव करायचा, संध्याकाळच्या गाडीनं परत. जाताना जुना भाग नमुना म्हणून बरोबर न्यायचा, कारण दुकानदार म्हणायचा, साहेब हाच लागतो, आणि घरी येऊन पाहावं तर भोकांचं अंतर जुळत नाही. नकली माल ओळखायची आमची पद्धत होती. वजन हातात तोलायचं. ओतकामाच्या कडा बोटानं चाचपायच्या. बेअरिंग कानाशी धरून फिरवायची. खिशात व्हर्निअर असायचाच. व्हर्निअर काढला की दुकानदाराचा चेहरा बदलायचा आणि आतल्या खोलीतून दुसरा डबा बाहेर यायचा. परतीच्या गाडीत पासधारकांच्या पायाशी गोणपाटात गुंडाळलेला क्रँकशाफ्ट ठेवून मी पत्ते खेळत आलो आहे.

हे सगळं मुंबई-पुण्यातही होत होतं. पण नाशिकजवळ दोन गोष्टी अशा होत्या की इथली घरगुती दुरुस्ती वेगळ्या वळणाची झाली.

पहिली, तांबट आळी. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी महाराष्ट्रात माहीत आहेत. घंगाळं, बंब, समया. जुन्या मोटारींच्या रेडिएटरची जाळी तांब्याची आणि वरची-खालची टाकी पितळेची असायची. स्टेनलेस स्टीलनं तांब्या-पितळेचा धंदा खाल्ला तेव्हा आळीतल्या काही हातांना रेडिएटरनं काम दिलं. माझ्या गाडीचा रेडिएटर असाच एका वयस्क तांबटकाकांकडे जायचा. त्यांना मोटारीतलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. रेडिएटरची तोंडं लाकडी खुंट्यांनी बंद करायचे, एका तोंडातून सायकलच्या पंपानं हवा भरायचे आणि सबंध रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवायचे. बुडबुडा जिथून येईल तिथे खडूची खूण. मग ती जागा ब्रशनं घासून लखलखीत करायची, तेजाब फिरवायचं, तापलेली कैया नवसागरावर ओढायची आणि डाख द्यायचा. डाख इतका पातळ की नंतर सांधा शोधावा लागे. गॅरेजवाले तिथे कथलाचा ढीग ओतायचे; त्यानं गळती थांबायची, पण शेजारच्या चार नळ्या बुजायच्या आणि गाडी घाटात तापायची. गळती थांबवणं आणि रेडिएटर दुरुस्त करणं यांत फरक आहे, तो मला बंब बनवणाऱ्या माणसानं दाखवला.

दुसरी गोष्ट म्हणजे कारखाने. १९६० च्या दशकात सातपूरला औद्योगिक वसाहत आली. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. १९६४ मध्ये ज्या विलीनीकरणातून ही कंपनी झाली त्यातला एक भाग वालचंदांनी काढलेली ती बंगळूरची कंपनीच होती, म्हणजे ओझरच्या माणसानं दिवसा मिग जोडलं काय किंवा संध्याकाळी फियाट उघडली काय, काम एकाच खानदानाचं. मायको आली, डिझेल इंजिनांचे नोझल, जिथे मापं मायक्रॉनमध्ये मोजायची. सिएटचे टायर आले, १९८० च्या दशकात महिंद्राच्या जीप आल्या. सातपूरच्या आयटीआयमधून दर वर्षी फिटर, टर्नर, मशिनिस्ट बाहेर पडू लागले. द्राक्षं आणि देवळं यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात अचानक घरटी एक माणूस असा झाला ज्याला मायक्रोमीटर वाचता येतो.

याचा मोटारींवर काय परिणाम झाला ते सांगतो. जुना मेस्त्री हेडचे नट आवळायचा तो हाताच्या अंदाजानं. पाना करकरला की झालं. फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. दोन्ही धातू तापल्यावर वेगवेगळे फुगतात. नट कमी-जास्त आवळले गेले की हेड हळूहळू वाकतं, गॅसकेट फुंकतं, पाणी आणि तेल एक होतं आणि ऑइल कॅपखाली दुधाच्या सायीसारखा थर जमतो. कारखान्यातल्या माणसाला हे न सांगता कळायचं. तो मधल्या नटापासून सुरुवात करून आलटून-पालटून बाहेर सरकायचा, एका दमात न आवळता तीन टप्प्यांत, आणि शेवटी टॉर्क रेंच लावायचा. टॉर्क रेंच तेव्हा आमच्या आख्ख्या कॉलनीत एक होता. तो कुणाकडे आहे याची चौकशी व्हायची तशी चौकशी एरवी फक्त लग्नातल्या मोठ्या पातेल्यांची व्हायची.

पुढे पुढे गॅरेजवाल्यांनीही हे उचललं. त्यांनी आमच्याकडून मोजणं घेतलं आणि आम्ही त्यांच्याकडून कान घेतला. आमचे उस्ताद इंजिनाला लांब पेचकस टेकवून त्याची मूठ कानाला लावायचे आणि सांगायचे, तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट. फीलर गेज घालून बघावं तर तिसऱ्याचाच. शाळा त्यांची चौथीपर्यंत झाली होती.

घरी करायच्या कामांत माझं सगळ्यात आवडतं काम व्हॉल्व्ह लॅपिंगचं. ते आजही मी दुसऱ्याला देत नाही. हेड काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायचं. ओटा त्या दिवसापुरता माझा, असा घरात करार आहे. व्हॉल्व्हच्या सीटवर जाड पेस्टचे चार ठिपके द्यायचे, रबरी चोखणी लावलेली काडी व्हॉल्व्हच्या तोंडाला चिकटवायची आणि दोन तळव्यांत धरून रवी घुसळल्यासारखी फिरवायची. आधी खरखर असा आवाज येतो. मग तो मऊ होत जातो, आणि मऊ झाला की व्हॉल्व्ह उचलून पाव फेरा पुढे ठेवायचा, म्हणजे पेस्ट पुन्हा पसरते. जाड पेस्ट पुसून बारीक पेस्ट. शेवटी सीटवर एकसारखा करडा, न चमकणारा पट्टा उमटतो. तो कुठेही तुटता कामा नये. खात्री करायची तर व्हॉल्व्हच्या कडेवर शिसपेन्सिलीनं आडव्या रेघा मारायच्या, व्हॉल्व्ह जागेवर ठेवून किंचित फिरवायचा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या पाहिजेत. मग स्प्रिंगा बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओतायचं आणि चहा प्यायला जायचं. परत येईपर्यंत खाली एक थेंब दिसला तरी पुन्हा पहिल्यापासून. आठ व्हॉल्व्ह असतात. पेस्टचा कण गाइडमध्ये गेला तर तो पुढची दहा हजार किलोमीटर गाइड खात बसतो, म्हणून धुणं हे घासण्याइतकंच मोठं काम.

ब्रेकचं काम मात्र एकट्याचं नव्हे. पाइपात हवा शिरली की ती काढायला एक जण चाकापाशी आणि एक जण पेडलवर लागतो. नाशिकच्या कितीतरी घरांत ही दुसरी व्यक्ती म्हणजे घरची बाई असायची. ‘दाब, दाब, धरून ठेव... सोड.’ आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं, चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला इतक्या स्पष्ट सूचना दुसऱ्या कुठल्याच बाबतीत दिल्या नाहीत. गाड्यांच्या इतिहासात या पेडल दाबणाऱ्यांचं नाव कुठे येत नाही. चारी चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या त्या गाड्या घाटातून सुखरूप खाली उतरल्या त्या त्यांच्यामुळेच.

घाट म्हणजे कसारा घाट. नाशिकच्या फियाटची परीक्षा इथेच व्हायची. एप्रिल-मे महिन्यात दादर-नाशिक टॅक्सी आणि खाजगी फियाट चढावर एकामागून एक बोनेट उघडून उभ्या दिसायच्या. लोकांना वाटायचं, गाडी तापली, रेडिएटरमध्ये पाणी घाला. कित्येकदा पाणी ठीक असायचं. पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला, कॅमच्या धक्क्यावर चालणारा. दुसऱ्या गिअरमध्ये मंद चढताना वारा लागत नाही, पंप आणि त्याची नळी तापते, आतलं पेट्रोल उकळून वाफ होते. पंपाला द्रव ओढता येतो, वाफ नाही. कार्ब्युरेटर कोरडा पडतो आणि गाडी आचके देऊन थांबते. उपाय एकच, ओलं फडकं पंपावर. टॅक्सीवाले ते फडकं आधीच बांधून निघायचे आणि क्लीनर पोरगं वाटेत बाटलीनं त्यावर पाणी मारायचं. आम्ही टूलरूमवाल्यांनी पंप आणि एग्झॉस्ट यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा करून बसवला आणि नळीला ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली. (ॲस्बेस्टॉस तेव्हा नुसत्या हातानं हाताळायचो, आता विचार केला की अंगावर काटा येतो.) घाटनदेवीला नारळ फोडायला सगळेच थांबायचे, आडोसा असलेले आणि नसलेलेही.

या अशा माणसांना एक दिवस वाटलं, गाडी नुसती चालवायची कशाला, पळवू या. हौस इथे आली. मद्रासजवळ शोलावरमला महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या. तिथे फियाट, हेरल्ड आणि घरी बांधलेल्या ‘स्पेशल’ गाड्या धावायच्या. त्यांची छायाचित्रं इंग्रजी नियतकालिकांत यायची आणि आमच्या चहाच्या टेबलावर आठवडाभर फिरायची. स्टँडर्ड हेरल्ड नाशिकमध्ये मोजक्याच होत्या. ती ट्रायम्फ स्पिटफायर या खऱ्या स्पोर्ट्‌स कारची सख्खी बहीण, चासी त्याच जातीची. तिचं सबंध नाक पुढे उलटायचं आणि चाकावर बसून इंजिनावर काम करता यायचं, याचा मला अजूनही हेवा वाटतो. पण तिचे भाग मिळायचे नाहीत. त्यामुळे शेवटी फियाटच.

फियाट पळवायची म्हणजे पहिलं काम कॉम्प्रेशन वाढवणं. हेडचा तळ सरफेस ग्राइंडरवर घासायचा. हिशेब कागदावर सोपा आहे: ६८ मिलिमीटरच्या बोअरवर एक मिलिमीटर कापलं की जास्तीत जास्त ३.६ घनसेंटिमीटरच्या आसपास जागा कमी होते. ऐकायला किरकोळ, पण एका सिलिंडरची सगळी जागा २७२ घनसेंटिमीटर आणि वरच्या पोकळीत चाळीसच्या आसपास. त्यातले एवढे म्हणजे थोडे नाहीत. शिवाय चारी पोकळ्या सारख्या हव्यात. त्या मोजायला एका प्राध्यापक मित्रानं कॉलेजच्या रसायनशाळेतून ब्युरेट आणून दिली होती. पोकळीवर ग्रीस लावून भोक पाडलेली काच ठेवायची आणि ब्युरेटमधून थेंब थेंब रॉकेल सोडायचं. ज्या पोकळीत कमी मावेल ती घासून बाकीच्यांइतकी करायची. कारखान्यात बनलेल्या हेडमध्ये चार पोकळ्यांत केवढा फरक निघायचा ते पाहून आमच्यातला एक मायकोवाला अक्षरशः वैतागला होता. त्याच्या जगात असा माल दाराबाहेर गेला नसता.

आणि मग पेट्रोल. पंपावर ८३ ऑक्टेन आणि ९३ ऑक्टेन असं दोन प्रकारचं पेट्रोल मिळायचं. कॉम्प्रेशन वाढवलेल्या गाडीत ८३ घातलं की चढावर इंजिनातून खडखड यायला लागे. पिस्टनवर हातोडे पडतायत असा तो आवाज. तो दुर्लक्षिला तर पिस्टन फुटतो. त्यामुळे पळणारी फियाट महाग पेट्रोल पिणारी फियाट झाली आणि मध्यमवर्गीय घरात त्यावरून जी काय बोलणी व्हायची ती झाली. सोलेक्स कार्ब्युरेटरचे जेट मोठे करण्याची एक साथही मध्ये आली होती. त्यात सुई नाहीतर तार घालून भोक मोठं करायचे. जेटमध्ये सुई घालणाऱ्या माणसाला मी माझ्या गाडीला हात लावू देत नाही. ते भोक मापाचं असतं, नुसतं आरपार असून चालत नाही.

एवढं करून गाडी किती पळायची? खरं सांगू, फार नाही. आडगावच्या सरळ रस्त्यावर मूळच्या गाडीपेक्षा थोडी पुढे. पण ब्रेक तेच, टायर तेच, आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेला गिअर. ज्यांनी आधी ब्रेक आणि किंगपिन नीट केले आणि मग इंजिनाकडे वळले त्यांना मी खरे जाणकार मानतो. बाकीच्यांनी आवाज वाढवला.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि दहा वर्षांत ही सगळी रीत विरळ झाली. मला त्याचं वाईट वाटत नाही. मारुतीला रविवारी उघडायची गरजच पडत नव्हती, आणि गाडी चालण्यासाठी माणसानं रविवार द्यावा हा काही सुवर्णकाळ नव्हे. जुन्या आठवणी काढणारे सांगत नाहीत, पण आमचे रविवार टंचाईनं खाल्ले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या सॅन कंपनीनं स्टॉर्म नावाची दोन सीटांची गाडी काढली, फायबरचं अंग, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. भारतात विकत घेता येईल अशी स्पोर्ट्‌स कार. ती फार खपली नाही. २००० च्या सुमारास पद्मिनी बंद झाली. पुढे राष्ट्रीय अजिंक्यपदाची महाराष्ट्र रॅली नाशिकच्या आसपासच्या कच्च्या रस्त्यांवर होऊ लागली, तेव्हा धूळ उडवत गेल्या त्या जिप्सी आणि बलेनो. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली. वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून उतरली.

आता नवीन दुखणी आहेत. शिशाचं पेट्रोल २००० मध्ये देशभर बंद झालं. शिसं एग्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला आपोआप राखायचं. आता टॅपेटची गॅप लवकर कमी होते का ते पाहत राहावं लागतं, कारण गॅप कमी होणं म्हणजे व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत चालला. आणि अलीकडचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. उसाच्या पट्ट्यातल्या माणसानं त्याविरुद्ध बोलू नये, पण इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि पाणी ओढून घेतं. पेट्रोल पंपाचा पडदा आणि सगळ्या नळ्या मी त्याला टिकणाऱ्या रबराच्या घातल्या, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करतो. कागदपत्रांच्या बाबतीत मात्र सुख आहे. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं असलेली. अट अशी की ती गाडी रोजच्या वापरात आणायची नाही, प्रदर्शनाला किंवा रॅलीला न्यायची. माझी गाडी या वयात बसते, पण मला तिच्यातून भाजी आणायची असते, म्हणून मी जुन्याच नोंदणीचं नूतनीकरण करत राहिलो आहे.

हल्ली पंचविशीतली मुलं येतात. कुणाच्या आजोबांची फियाट गंगापूर रोडच्या जुन्या बंगल्याच्या मागे ताडपत्रीखाली सापडलेली असते आणि त्यांना ती लगेच सुरू करून व्हिडिओ काढायचा असतो. त्यांना आणि तुम्हाला एकच सांगणं. आधी सेल्फ मारू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, त्याचं वार्निश झालेलं असतं. चारी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस थांबा. मग प्लग बाहेरच ठेवून हँडलनं इंजिन हळूच फिरवून बघा. फिरलं तर पुढचं सगळं जमण्यासारखं आहे. अडलं तर जोर लावू नका. रिंगा सिलिंडरला चिकटल्या आहेत, ऑइल पुन्हा सोडा आणि आणखी आठवडा थांबा. आणि घरात आजोबांची पान्यांची पेटी असेल तर ती गाडीआधी भंगारवाल्याला देऊ नका.